वजनाच्या जगात घनफुटांचा हौदा

एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. वाळू, खडी, मुरूम, डबर, कोल्हापूरकडे सगळं ब्रासवर बोललं जातं. वाळूचा ब्रास भरतो साधारण साडेचार टन. बॉक्साइट थोडं इकडेतिकडे, पण त्याच पंगतीतलं. वाळवलेल्या लाकडाच्या चिप्सचा ब्रास मात्र पाऊण टनसुद्धा भरत नाही, सातशे किलोच्या आसपास काटा थांबतो. जागा तेवढीच, शंभर घनफूट.

माझ्या मामांचं अर्धं आयुष्य पहिल्या, म्हणजे जड जातीचा माल वाहण्यात गेलं. राधानगरी तालुक्यात दुर्गमानवाडीच्या पठारावर बॉक्साइटच्या खाणी आहेत. तिथली लाल दगडमाती भरायची आणि बेळगावच्या वाटेला लागायचं. सहा टायरचा टिपर, त्यावर तीन ब्रासाच्या आतला हौदा. लांबून बघितलं तर गाडीच्या मानाने हौदा अगदीच बुटका दिसायचा. पण जाड पत्रा, जाड पट्ट्या, आणि लोडरने वरून बादली सोडली की सगळी गाडी हादरायची. त्या धंद्यात जागेचा प्रश्नच नव्हता. वजन किती, एवढाच प्रश्न. हौदा पाऊण भरायच्या आतच गाडीवर लिहिलेला आकडा गाठला जायचा.

चिप्सचं काम आलं ते इचलकरंजीमुळे. तिथल्या सायझिंगला (सुताला खळ द्यायला) आणि प्रोसेसला (कापड धुवायला-रंगवायला) वाफ लागते, वाफेला बॉयलर, आणि बॉयलरला जळण. पूर्वी लाकडाचे ओंडके हाताने तोंडात ढकलत. मग बगॅस म्हणजे उसाचा चोथा आला, शेतातला काडीकचरा दाबून केलेला पांढरा कोळसा आला. आता ज्यांनी पट्ट्यावरून आपोआप जळण जाणारे बॉयलर बसवलेत, त्यांना ओंडके नकोच असतात. त्यांना एकसारखे बारीक तुकडे हवेत. कोकणात तोड झाली की फांद्या, शेंडे, वाकडे बुंधे मागे राहतात. सॉ मिलवर साल चिकटलेल्या कडेच्या फळ्या पडून असतात. ट्रॅक्टरच्या पीटीओवर, म्हणजे इंजिनाची ताकद बाहेर देणाऱ्या मागच्या दांड्यावर चालणारा चिपर लावला की हे सगळं मिनिटात तुकडे होऊन नळकांड्यातून भुरकन बाहेर पडतं. राहतो प्रश्न तो घाटावर आणायचा.

मामांचा पहिला विचार सोपा होता. टिपर आहेच, त्याचा हौदा उतरवायचा आणि मोठा हौदा चढवायचा. शिरोलीच्या बाजूला एका शेडमध्ये त्यांचे जुने मिस्त्री आहेत, ट्रकच्या बॉड्या बांधण्यात हयात गेलेले. लाकडी बॉडीच्या काळापासून ते हे काम करतायत. किंजळ, ऐन, बाभूळ हे शब्द ते अजूनही जुन्या पाहुण्यांची नावं घ्यावीत तसे घेतात. आता त्या शेडमध्ये रंधा नाही, ग्राइंडर आहे. लाकडाच्या बॉड्या बांधलेला माणूस आता लाकूड वाहायला लोखंडाची बॉडी बांधणार, यावर ते स्वतःच हसले. मग टिपरभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "मालक, ही गाडी इका."

कारण होतं चाकांमधलं अंतर. टिपरची चासी, म्हणजे हौद्याखालचा सांगाडा, आखूड असते, पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर बारा फुटांच्या आसपास. गाडी खाणीत वळली पाहिजे, हौदा उचलला की तोल राहिला पाहिजे, म्हणून कंपनीच ती तशी बनवते. तिच्यावर वीस फुटी हौदा ठेवला तर मागचा भाग चाकांच्या फार मागे लोंबतो. नियमाने मागचं लोंबणं चाकांमधल्या अंतराच्या साठ टक्क्यांवर जाता कामा नये. मामा म्हणाले, मग चासी कापून वाढवू की, पूर्वी वाढवतच होते. मिस्त्रींनी कानाला हात लावला. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम मूळ बनावटीतल्या अशा बदलाला आड येतं, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठणकावून सांगितलं. पण मिस्त्रींना कायद्यापेक्षा चासीची काळजी होती. ती खास ताकदीच्या पोलादाची असते. तिच्यावर वेल्डिंगचा चटका बसला की त्या जागेची ताकद जाते आणि भेग तिथूनच सुरू होते. म्हणूनच चांगला बॉडीवाला हौद्याची सब-फ्रेम, म्हणजे त्याच्या तळाची चौकट, चासीला कधी वेल्ड करत नाही. मध्ये लाकडाची नाहीतर रबराची पट्टी घालून यू बोल्टने आवळतो. खड्ड्यातून जाताना चासी पिळवटते, तिला तेवढी मोकळीक हवी असते.

तर टिपर विकला आणि साखरेची पोती वाहिलेली एक लांब चासीची सहा टायरी गाडी घेतली. माझा प्रवेश इथे झाला. मामा मला म्हणाले, "पोरी, तुझ्या त्या एक्सेलात बसतंय का बघ." मी पुण्यात बसून दुसऱ्यांचे हिशेब करते, त्यामुळे घरातल्या प्रत्येक आकड्याची वाट माझ्याकडे येते.

आकडे असे होते. आतून वीस फूट लांब, साडेसात फूट रुंद, आठ फूट उंच: बाराशे घनफूट, बारा ब्रास. गाडीचा तळ जमिनीपासून चार फुटांवर, म्हणजे एकूण उंची बारा फूट, साधारण ३.६६ मीटर. मामांना बाजू दहा फुटी हव्या होत्या. कागदावर तीन ब्रास वाढत होते. पण मालट्रकची उंची पूर्वी ३.८ मीटरपर्यंतच चालायची आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ४ मीटरपर्यंत चालते. दहा फुटी बाजू तिथे बसत नाही. रुंदीही बाहेरून २.६ मीटरच्या आत. म्हणजे लांबी चासीने ठरवली, रुंदी-उंची कायद्याने. मिस्त्रींच्या हातात काय उरलं? मला वाटलं, फारसं काही नाही. शेडमध्ये दोन सुट्ट्या घालवल्यावर कळलं की खरं काम तिथून पुढे सुरू होतं.

आधी पत्र्याची जाडी. बॉक्साइटच्या सवयीने मामा तीन मिलिमीटर म्हणत होते, तळाला त्याहून जाड. मिस्त्री दोनवर अडून बसले. मी गणित मांडलं: चारी बाजूंचं क्षेत्रफळ एकेचाळीस चौरस मीटर, आणि एक मिलिमीटर जाडीचा पत्रा चौरस मीटरला पावणेआठ किलोपेक्षा थोडा जास्त भरतो. म्हणजे जाडीच्या एका मिलिमीटरला सव्वातीनशे किलो. ते वजन प्रत्येक खेपेला जाताना वाहायचं आणि रिकामं येतानाही वाहायचं. फोंडा घाट चढताना तर त्याचं डिझेल डोळ्यांना दिसतं.

आणि इथे एक गोष्ट लक्षात आली, ती मला अजून सोडत नाही. फॅब्रिकेशनची मजुरी किलोवर असते. जेवढं लोखंड जाईल तेवढी मजुरी. मिस्त्री दोन मिलिमीटरसाठी भांडत होते, म्हणजे स्वतःच्या मजुरीतून सव्वातीनशे किलोचे पैसे कमी करा म्हणून भांडत होते. मामांना जाड पत्रा हवा होता, त्यात मिस्त्रींचाच फायदा होता, आणि मिस्त्री चिडून सांगत होते की एवढं लोखंड कशाला. मी त्यांना हे बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "वजनाची मजुरी वजनाच्या मालाला. ह्यो माल हवेचा हाय." बहुतेक बॉडीवाले गिऱ्हाईक मागेल ते देतात, आणि गिऱ्हाईक नेहमी जाडच मागतं. किलोच्या मजुरीने आपल्या रस्त्यावरच्या गाड्या किती टन उगाच जड झाल्या असतील, याचा हिशेब कुणीतरी मांडायला हवा.

पातळ पत्र्याला बळ जाडीने नाही, घडीने येतं. बाजूंना उभ्या नाळी पाडल्या, दर दोन फुटांवर उभा चॅनेल, वर सलग पाइप. तरीही चिप्स दिसतात तेवढ्या गरीब नाहीत. भरल्या की बाजूंना रेटतात, आणि आठ फूट उंचीची भिंत मधोमध फुगते. फुगली की २.६ मीटरचं गणित बिघडतं आणि वजनकाट्याच्या अरुंद फाटकात आरसा नाही तर हौदा घासतो. वैरणीच्या आणि बगॅसच्या गाड्या रस्त्यावर पोट काढून चालताना आपण बघतोच. उपाय म्हणून वरून आडवी साखळी घालतात, या बाजूपासून त्या बाजूपर्यंत ओढून धरणारी. पण साखळी म्हटली की लोडरची बादली तिला अडकते आणि खाली करताना माल तिच्यावर लोंबून राहतो. शेवटी मधे एकच साखळी, तीही हुकवर काढता-घालता येणारी. ड्रायव्हरला तिचा वैताग आहे, पण भिंत सरळ आहे.

मग खाली करायचं काय? बारा ब्रास माल हमालांनी दाताळ्याने ओढायचा म्हणजे अर्धा दिवस गाडी उभी. जॅक लावून टिपर करावा, तर एवढा उंच आणि हलका हौदा उचलल्यावर मऊ जमिनीवर गाडी आडवी होण्याची भीती. शिवाय चिप्स वाळूसारख्या घरंगळत नाहीत. तुकडे एकमेकांत अडकतात, कमान धरतात, आणि हौदा बऱ्यापैकी उचलला तरी ढीग जागचा हलत नाही. मग एकदम सगळा सुटतो. अमेरिकेत ओरेगनकडे कागद गिरण्यांवर चिप्सचा अख्खा ट्रक, इंजिनसकट, एका मोठ्या फळीवर बांधून नाक आकाशाकडे करून उभा करतात. त्याचे व्हिडिओ मी मामांना दाखवले. त्यांनी दोनदा बघितले आणि विचारलं, ड्रायव्हर खाली उतरतो ना आधी? तिकडेच ट्रेलरचा तळच मागेपुढे सरकत माल बाहेर ढकलतो अशीही सोय निघाली आहे. आपल्या सहा टायरच्या गाडीला ती परवडायची नाही.

मिस्त्रींनी उत्तर आणलं ते साखर कारखान्यावरून. उसाच्या गाडीत भरताना खाली तारदोर टाकतात, आणि गव्हाणीपाशी क्रेन तो दोर उचलून ऊस एका झटक्यात ओतते. त्याच विचाराने त्यांनी हौद्याच्या आत, केबिनला लागून, एक सुटी भिंत उभी केली. तिला ते ढाल म्हणतात. ढालीच्या पायाला दोन तारदोर, ते तळावरून मागच्या दारापर्यंत. माल त्यांच्यावरच भरायचा. बॉयलरवर पोचलं की दुपाखी दार उघडायचं, दोर तिथल्या ट्रॅक्टरला अडकवायचे आणि ट्रॅक्टरने ओढायचं. ढाल सगळा माल पुढे ढकलत दारापर्यंत येते.

यातही एक मख्खी होती. ढाल ओढताना माल दोन भिंतींच्या मध्ये आवळला जातो. भिंती समांतर असल्या तर तो गच्च बसतो आणि दोर तुटायची वेळ येते. म्हणून हौदा पुढे साडेसात फूट, तर मागे त्याहून इंचभर रुंद. डोळ्यांना दिसत नाही, टेप लावला तरच कळतं. ओतकामात लाकडी पॅटर्न वाळूतून वर काढताना साचा मोडू नये म्हणून त्याच्या बाजूंना किंचित उतार देतात, तसंच हे. कोल्हापुरात फाउंड्रीच्या शेजारी वाढलेल्या माणसाला ही गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही. इंचभराने माल सुटतो. मला विचाराल तर अख्ख्या हौद्यात सगळ्यात किमती वस्तू तो इंच आहे, आणि त्याला किलोवर मोजून मजुरी लावता येत नाही.

बाजूंना पत्रा की जाळी, यावरही वाद झाला. जाळीतून वारा खेळतो, पण भुसा मागच्या मोटारसायकलवाल्याच्या डोळ्यांत जातो. बंद पत्रा, वर जाळी आणि तिच्यावर ताडपत्री असं ठरलं. पावसाळ्यात दाजीपूरच्या पट्ट्यात ताडपत्रीला छिद्र असेल तर किती पाणी आत जाईल ते सांगायला नको.

आरटीओकडच्या पासिंगचं सांगण्यासारखं फार नाही. आधी अर्ज, मोजमापाचा नकाशा, मग गाडी नेऊन दाखवणं, आरसीवर बदललेलं रिकामं वजन. पेंटरने बाजूवर रिकामं वजन आणि भरलेलं वजन किलोत रंगवलं, कारण ते लिहावंच लागतं. मागे मामांना जुन्या सवयीने 'हॉर्न ओके प्लीज' हवं होतं. पेंटरनेच आठवण करून दिली की २०१५ साली राज्याच्या परिवहन आयुक्तांनी त्यावर बंदी घातली आहे. तिथे आता नुसतीच वेलबुट्टी आहे.

गाडी रस्त्यावर आली आणि ड्रायव्हरची पहिली तक्रार तोलाबद्दल. बॉक्साइटचं वजन जमिनीपासून सहा फुटांच्या आतबाहेर असायचं. चिप्सचं आठ फुटांवर असतं. माल हलका असला तरी घाटाच्या वळणावर गाडी खांद्यातून झुकते, आणि मोकळ्या माळावर आडवा वारा बाजूच्या एकशेसाठ चौरस फुटांना शिडासारखा धरतो. तो आता वळणं हळू घेतो. त्याचं तेवढंच म्हणणं होतं.

पण खरी गुंतागुंत निघाली ती भाड्यात.

भाडं टनावर. सगळ्या जगाचं असतं तसं. ताज्या तोडीच्या लाकडात निम्मं वजन पाण्याचं असतं. अशा ओल्या चिप्सचा ब्रास अकराशे किलोपर्यंत जातो. बारा ब्रास भरले तर तेरा टन. गाडीला ते झेपायचं नाही आणि परवानगीही नाही. २०१८ च्या जुलैत केंद्राने मर्यादा वाढवून सहा टायरच्या गाडीचं एकूण वजन १६.२ वरून १८.५ टनांवर नेलं, त्यातून गाडीचं स्वतःचं वजन वजा केलं तर अकराएक टन उरतात. म्हणजे ओला माल भरताना एवढ्या मायेने बांधलेल्या हौद्याचा वरचा सव्वा-दीड फूट रिकामा ठेवावा लागतो. आणि तोच माल वीस टक्के ओलाव्यापर्यंत वाळवला, तर हौदा काठोकाठ भरूनही साडेआठ टनच.

मामांच्या नजरेने बघितलं तर ओला माल अकरा टनांचं भाडं देतो, वाळलेला साडेआठ टनांचं. घाट तोच, डिझेल थोडं कमी, पण खेप तेवढीच.

बॉयलरच्या नजरेने बघितलं तर उलटं. निम्मं पाणी असलेल्या लाकडातून किलोला जेमतेम दोन हजार किलोकॅलरी मिळतात, कारण आधी ते पाणी उकळून घालवावं लागतं. वीस टक्क्यांवर आणलेलं लाकूड साडेतीन हजारांच्या जवळ जातं. मी दोन्ही खेपा शेजारी मांडल्या. अकरा टन ओल्या मालात सव्वादोन कोटी किलोकॅलरी. साडेआठ टन वाळलेल्या मालात जवळपास तीन कोटी. म्हणजे गाडीत अडीच टन कमी वजन आणि एक तृतीयांश जास्त आग. आणि त्या जास्त आगीचं भाडं मामांना कमी.

हा कागद मी मामांना दाखवला तेव्हा ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे आपण पाण्याचा टँकर चालवतोय व्हय?"

बरोबर तेच. मी या धंद्याकडे जितकं बघते तितकं वाटतं की जो तो दुसऱ्याच मापाचे पैसे घेतो. मिस्त्री जागा बांधतात आणि मजुरी लोखंडाच्या किलोवर घेतात. मामा जागा भाड्याने देतात आणि पैसे मालाच्या टनावर घेतात. बॉयलरवाल्याला आग हवी असते आणि तोही पैसे टनावरच मोजतो. वजनकाटा गावोगावी आहे, त्याची पावती मिळते, तिच्यावर भांडण मिटतं. घनफुटाचं तसं नाही. चिप्स फोंड्यापासून इचलकरंजीपर्यंत खड्ड्यांत बसत बसत येतात. निघताना काठापर्यंत असलेला माल पोचताना हातभर खाली गेलेला असतो. मग जागेवर मोजायचं तर निघतानाची जागा की पोचल्यावरची? टनावर राहण्यात शहाणपण आहे, हे मलाही पटतं. पण त्या शहाणपणाचा खर्च कुणीतरी उचलतो, आणि तो आजवर बॉयलरवाला स्वतःला न कळता उचलत आला होता.

मामा तो कागद घेऊन बॉयलरच्या मॅनेजरकडे गेले. मी बरोबर होते, बोलले मात्र तेच. त्यांनी प्रस्ताव ठेवला: वाळलेला माल आणतो, हौदा काठोकाठ भरून, पण भाडं टनावर नको, खेपेवर द्या. मॅनेजरने आधी नेहमीचं उत्तर दिलं, ओलाव्याची कपात आम्ही करतोच. मामा म्हणाले, ती चिप्सवाल्याच्या बिलात करता साहेब, माझं भाडं तर मला ओल्याचंच जास्त मिळतं, मी वाळलेला कशाला आणू? मॅनेजर हसला, कॅल्क्युलेटर ओढला, आणि आकडे आमच्या कागदाशी ताडून बघायला लागला. चहा आला, गार झाला.

ठरलं ते असं. दिवाळीपासून मेअखेरपर्यंत खेपेचा ठोक दर, ओलावा पंचवीस टक्क्यांच्या आत असेल तर. पावसाळ्यात पुन्हा टनावर, कारण तेव्हा वाळवणार कुठे. बाहेर पडताना दोघांच्याही तोंडावर आपणच जिंकलो असा भाव होता.

तिसरा गडी चिप्सवाला. त्याने फांद्या तोडल्या तोडल्या चिपरमध्ये घालायच्या ऐवजी उन्हात दोन महिने पडू द्याव्यात, मग तुकडे करावेत, एवढंच मामांचं मागणं आहे. ओल्या चिप्सचा ढीग लावला तर तो आतून तापतो, वाफा सोडतो, प्रसंगी पेटतोही. फांद्या मात्र नुसत्या पडून वाळतात. पण फांद्या पडून राहिल्या तर त्याचे पैसे पडून राहतात, आणि जागेचं भाडं त्याच्या डोक्यावर. त्याला त्यासाठी टनामागे दर वाढवून हवाय. तो किती, यावर सध्या कणकवलीला फोन चालू आहेत. तोवर तो ओल्याच भरतो, आणि वरचा सव्वा-दीड फूट रिकामा येतो.